कलमं पाठ, लॉग सपाट

कॉर्पोरेट गव्हर्नन्स, रिस्क आणि कम्प्लायन्स. हे तीन शब्द एका दमात उच्चारले की समोरचा एकतर जांभई देतो, नाहीतर पगार विचारतो. माझी मावसबहीण याच विषयात एलएलएम झाली. तिच्या नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका मी मध्यंतरी चाळल्या (दिसेल ते वाचायची सवय, काय करणार!). कलम १४९, कलम १६६, कलम १७७. कॅडबरी समिती १९९२, बिर्ला समिती, कोटक समिती. "स्वतंत्र संचालकाची व्याख्या सांगून त्याची कर्तव्ये विशद करा." झालं. अख्ख्या गठ्ठ्यात डेटाबेस हा शब्द एकदाही नाही.

माझी तक्रार इथेच सुरू होते. हा अभ्यास अशा कंपनीचा आहे जिथे मुनीमजी लाल चोपडीत हिशोब लिहितात. तशी कंपनी आता उरलेली नाही. घोटाळे सिस्टिममध्ये होतात, पुरावे सिस्टिममध्ये पडलेले असतात, आणि ज्यांना आपण या विषयातले तज्ज्ञ म्हणून तयार करतोय त्यांना सिस्टिम म्हणजे आयटीवाल्यांची भानगड वाटते.

सत्यमचंच घ्या. ७ जानेवारी २००९ ला राजूंचं पत्र आलं आणि कळलं की ताळेबंदातले ५,०४० कोटी रुपये बँकेत नाहीतच. या प्रकरणावर प्रत्येक वर्गात काय शिकवतात? बोर्ड कसं झोपलं होतं. बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, आयएसबीचे डीन होते. आदल्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीला उत्तम गव्हर्नन्सबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता. सगळं खरं, आणि सांगायला चटकदार. पण तपासात ७,५६१ खोटी बिलं निघाली, ती कंपनीच्याच बिलिंग सिस्टिममध्ये सुपर युजरच्या अधिकारांनी घुसवलेली, इतरांना दिसणार नाहीत अशी लपवलेली. सुपर युजर कोणाकडे आहे, तो वापरला की नोंद कुठे होते, ती नोंद कोण वाचतं? हे प्रश्न विचारायला हार्वर्ड लागत नाही. आमच्याकडे दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी विचारते.

सत्यम जुनं झालं म्हणाल, तर पीएमसी बँक. २०१९ चा सप्टेंबर. सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. भांडुपपासून पनवेलपर्यंत शाखांबाहेर रांगा लागल्या. आयुष्यभराची पुंजी अडकलेले निवृत्त लोक टीव्हीवर रडत होते. तक्रारीत काय म्हटलं होतं? एचडीआयएलशी संबंधित ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली. आता मला सांगा, एकवीस हजार खाती! एक साधी क्वेरी मारून मूळ सिस्टिममधली खाती आणि रिझर्व्ह बँकेला दिलेली यादी ताडून बघितली असती तर काय दिसलं असतं? ती ताडून बघा असा आग्रह धरणारा माणूस कम्प्लायन्समध्ये असायला हवा होता. त्याला कलमं येत असतील, पण ही मागणी सुचलीच नाही तर कलमांचं लोणचं घालायचं का?

यावर उत्तर ठरलेलं असतं. "वकिलाने कायदा बघावा, लॉग ऑडिटर बघेल." ऐकायला बरं वाटतं. गंमत म्हणजे कायदाच आता तसं म्हणत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. प्रत्येक बदलाची तारखेसकट नोंद हवी आणि ती सोय बंद करता येता कामा नये. हे नियमात लिहिलंय, म्हणजे संसदेच्या कायद्याखालच्या नियमाने आम्हाला रिक्वायरमेंट दिली आहे! सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. भारतीय साक्ष अधिनियमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. उद्या न्यायाधिकरणात समोरचा म्हणाला, "फ्रंटएंडला ट्रेल चालू होता, पण डेटाबेसमध्ये थेट बदल केला तर नोंद होत नव्हती", तर आपल्या एलएलएम वकीलसाहेबांना या वाक्यातला दरोडा दिसेल का? की ते "चालू होता" एवढंच ऐकून पुढचं पान उलटतील?

जे दिसत नाही ते मग टिकमार्कने भरून निघतं. आमच्याकडे ऑडिट येतं तेव्हा विचारतात, "ॲक्सेस रिव्ह्यू झाला का?" झाला. "स्क्रीनशॉट द्या." दिला. स्क्रीनशॉटमध्ये काय आहे हे कोणी बघत नाही, कोपऱ्यात तारीख आहे ना, बास. एन्रॉननंतर २००२ मध्ये अमेरिकेने सार्बेन्स-ऑक्सली आणला, तोही आपल्यापर्यंत असाच पोचला: शुक्रवारी रात्रीच्या रिलीजआधी मॅनेजरचं एक "ॲप्रूव्ह्ड" मेल. स्वतंत्र संचालकांचीही तीच तऱ्हा. त्यांच्यासाठी ऑनलाइन परीक्षा काढली, उत्तीर्ण व्हायला आधी ६० टक्के लागायचे, २०२० मध्ये ते ५० केले. प्रयत्न कितीही करा. असो.

मी काय मागतोय? वकिलांनी जावा शिकावं असं अजिबात नाही. एका सेमिस्टरला एक पेपर. एका काल्पनिक बँकेचे तीन महिन्यांचे लॉग आणि बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं हातात द्या, आणि विचारा: कोणी, कधी, काय लपवलं, आणि कोणत्या सभेत कोणी काय विचारायला हवं होतं? वीस गुण. व्याख्यांचे गुण कमी करा, आकाश कोसळणार नाही.

दुसरी मागणी दाराबद्दल. एलएलएमला एलएलबी हवी. म्हणजे दहा वर्षं बँकेच्या सिस्टिम सांभाळलेल्या माणसाने, ज्याला पैसा कुठून कुठे सरकतो हे झोपेतही सांगता येतं, आधी तीन वर्षं घटस्फोट आणि मालमत्ता हस्तांतरणाचे कायदे शिकायचे, आणि मग या वर्गाच्या मागच्या बाकावर बसायला मिळणार. वकिली करायला एलएलबी लागावी, मान्य. पण गव्हर्नन्स आणि कम्प्लायन्स शिकायला काळा कोट कशाला? डिप्लोमा आहेत म्हणतील. आहेत की, घरबसल्या करता येणारेही आहेत. पण नोकरीच्या जाहिरातीत "एलएलएम किंवा सीएस" लिहिलेलं असतं आणि डिप्लोमावाल्याचा बायोडाटा एचआरच्या फिल्टरमध्येच गळतो. तो फिल्टर आम्हीच लिहिलेला असतो, हा भाग वेगळा.