इमाम शोधण्याआधी एक पान लिहू या

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमामसाहेब बकरी ईदनंतर गावी गेले ते परत आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी निरोप आला की गावाजवळच्या मदरशात जागा मिळाली आहे, आता तिकडेच राहीन. ट्रस्टी मंडळी ईशाच्या नमाजनंतर बसली, दोन-चार फोन झाले आणि पुढच्या जुम्याला नवे इमाम मिंबरवर होते. किरत उत्तम, वय तरुण, माणूस सालस. कोणाचीच तक्रार नव्हती. माझा सातवीतला मुलगा घरी आला आणि म्हणाला, "अम्मी, बयान छान होतं, पण मला कळलं नाही."

तो मराठी शाळेत शिकतो. घरी आम्ही उर्दू बोलतो, पण ती घरची उर्दू. मिंबरवरची फारसी-अरबी शब्दांनी भरलेली उर्दू त्याच्या डोक्यावरून जाते. मी स्वतः उर्दू शिकवते, त्यामुळे उर्दूबद्दल माझ्या मनात आकस असायचे कारण नाही. पण नाशिकमधल्या किती मुस्लिम मुलांची शाळा आज मराठीत किंवा इंग्रजीत आहे, हे आम्हा शिक्षकांना हजेरीपटावरून रोज दिसते. नव्या इमामसाहेबांना ते कोणी सांगितले नव्हते. त्यांना फक्त पगार, राहायची खोली आणि मकतबची वेळ सांगितली गेली होती.

त्याच आठवड्यात माझ्या एका ख्रिस्ती सहकारी शिक्षिकेशी बोलणे झाले. शरणपूर रस्त्यावरच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांचे आयुष्य गेले. मी आमच्या इमामांची हकिकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे पाळकसाहेबांची बदली होते. बिशप ठरवतात. आम्ही पास्टोरेट कमिटीत बोलतो, अर्ज देतो, पण ऑर्डर वरून येते." मग हसून त्यांनी पुढे सांगितले, "माझा भाऊ इंग्लंडमध्ये आहे. त्यांच्या चर्चला पाळक हवाय. ते लोक सहा महिने नुसते लिहीतच बसलेत!"

काय लिहीत बसलेत, या कुतूहलापोटी मी त्या विषयाचे जे मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे समजले ते आपल्या जमातीपुढे ठेवावेसे वाटते.

इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये गावाचे, शहराचे भाग पाडलेले असतात. अशा एका भागाला पॅरिश म्हणतात. पाळक निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की पॅरिशची जागा रिकामी होते आणि ती बहुतेक वेळा कित्येक महिने रिकामीच राहते. त्या काळात चर्चवॉर्डन म्हणजे लोकांनी निवडलेले दोन कारभारी पाहुण्या पाळकांना बोलावून उपासना चालू ठेवतात. नवा पाळक सुचवण्याचा हक्क ज्याच्याकडे असतो त्याला पॅट्रन म्हणतात. हा पॅट्रन कुठे बिशप असतो, कुठे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचे एखादे कॉलेज, तर कुठे एखादे जुने घराणे. आपल्याकडच्या मुतवल्लीपदासारखीच ही जुनी मिरासदारी आहे. पण 1986 च्या एका कायद्याने त्या मिरासदारीला वेसण घातली. पॅट्रनने नाव सुचवण्याआधी पॅरिशच्या लोकनियुक्त कौन्सिलने एक निवेदन तयार करायचे असते. त्यात पॅरिशची परिस्थिती, गरजा आणि परंपरा लिहायच्या. कौन्सिलने दोन सामान्य सभासद प्रतिनिधी म्हणून निवडायचे. त्यांची संमती नसेल तर पॅट्रनला एकतर्फी नेमणूक रेटता येत नाही. त्यानंतर 'चर्च टाइम्स'सारख्या साप्ताहिकात जाहिरात येते, अर्ज येतात, मुलाखती होतात. निवेदन वाचून उमेदवारही ठरवतो की हे काम आपल्याला झेपेल का.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते हे निवेदन. पाळक कसा हवा, हे लिहिण्याआधी 'आम्ही कोण आहोत' हे लिहावे लागते. रविवारी किती माणसे येतात, त्यात म्हातारी किती, मुले किती, छत गळते का, पैसा किती आहे, कोणत्या गोष्टीवरून आमच्यात भांडण आहे, हे सगळे त्यात यायला हवे. शहराच्या जुन्या, दाट, गरीब भागातल्या पॅरिशला तर आणखी एक गोष्ट लिहावी लागते. आपल्या हद्दीत राहणारे सगळेच लोक चर्चला येणारे नाहीत, हे ती. बर्मिंगहॅम शहरात 2021 च्या जनगणनेनुसार सुमारे 30 टक्के लोक मुस्लिम आहेत. तिथल्या कित्येक पॅरिशच्या हद्दीत मशिदी आहेत, गुरुद्वारे आहेत. अँग्लिकन परंपरेनुसार पाळक हा हद्दीतल्या सगळ्या माणसांसाठी असतो, फक्त बाकावर येऊन बसणाऱ्यांसाठी नाही. म्हणून तिथले लोक लिहितात की आम्हाला मशिदीच्या इमामाशी, शाळेच्या मुख्याध्यापकाशी बोलणारा माणूस हवा.

ही सवय आपोआप लागली नाही. कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी नेमलेल्या आयोगाचा 'फेथ इन द सिटी' हा अहवाल 1985 मध्ये आला. शहरांतल्या गरीब वस्त्यांची हलाखी त्यात मांडली होती. त्यात सरकारवर टीका होती, तशी चर्चवरही होती. मध्यमवर्गीय चर्चला या वस्त्या नीट ठाऊकच नाहीत, असा तिचा सूर होता. त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना तो झोंबला. पण त्यातूनच गरीब वस्त्यांसाठी चर्चचा वेगळा निधी उभा राहिला.

नाशिकला अँग्लिकन परंपरा परकी नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे लोक इथे 1832 मध्ये आले. 1854 मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसवले. नावातच आसरा आहे. अरबांच्या गुलामवाहू जहाजांतून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले इथे आणली गेली, शिकली, हुन्नर शिकली. त्यांपैकी काही जण लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या सफरीत होते. लिव्हिंग्स्टनचे शव 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबेत पोचले तेव्हा सोबत असलेला जेकब वेनराइट नाशिकच्या शाळेत शिकलेला. 1929 मध्ये नाशिक हे स्वतंत्र बिशपक्षेत्र झाले, फिलिप लॉइड पहिले बिशप. 1970 मध्ये इथले अँग्लिकन चर्च इतर पंथांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले. आजही शरणपुरात उपासना मराठीत चालते.

मिशनऱ्यांबद्दल आपल्या समाजात आणि इतरांतही अनेक आक्षेप आहेत, काही रास्तही आहेत. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. साता समुद्रापलीकडून आलेला माणूस आधी मराठीचे व्याकरण घेऊन बसायचा. ज्यांच्यापुढे बोलायचे त्यांची भाषा आपल्याला आली पाहिजे, हे त्याने गृहीत धरले होते. प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवले गेले, हे तर कुरआननेच सांगितले आहे. ती गोष्ट आपण मिंबरपाशी येऊन का विसरतो?

आता आपल्याकडे पाहू. इस्लाममध्ये पुरोहितवर्ग नाही, दीक्षा नाही, बिशप नाही. ज्याला कुरआन चांगले येते तो पुढे उभा राहतो, बाकीचे मागे. मला याचा अभिमान आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की चूक झाली तर ऑर्डर वरून आली म्हणायची सोय आपल्याला नाही. माझी सहकारी बिशपकडे बोट दाखवू शकते. आपण कोणाकडे दाखवणार? इमामाची निवड ही पूर्णपणे जमातीची जबाबदारी आहे, आणि जमात म्हणजे ईशानंतर बसलेली पाच माणसे नव्हेत.

मागे कोण उभे आहे हे इमामाला माहीत असले पाहिजे, ही शिकवण तर आपल्या घरातलीच आहे. हजरत मुआज (रजि.) यांनी ईशाच्या नमाजीत लांबलचक सूरह सुरू केली. दिवसभर उंटांनिशी राबून आलेला एक माणूस मध्येच बाजूला झाला, एकट्याने नमाज पढून निघून गेला. गोष्ट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत गेली तेव्हा रागावणे झाले ते मुआज यांच्यावर. तुझ्या मागे म्हातारे आहेत, अशक्त आहेत, कामावर जाणारे आहेत, याचे भान ठेव, असे त्यांना बजावले गेले. किरतीत काहीही चूक नव्हती. मागच्या माणसाचा विचार राहून गेला होता.

बी.एड. करताना पाठ टाचणात 'पूर्वज्ञान' नावाचा रकाना भरावा लागायचा. मुलांना आधी काय येते हे लिहिल्याशिवाय पाठ सुरू करायचा नाही. आम्ही कंटाळून काहीतरी खरडायचो. वर्गात उभी राहिले तेव्हा त्या रकान्याची किंमत कळली. आपण इमामांना वर्ग देतो आणि तो रकाना कोराच ठेवतो.

यात इमामांचा दोष नाही. बहुतेक जण उत्तर प्रदेश-बिहारमधून येतात. बायकामुले गावी, मशिदीला लागून एक खोली, जेवण पाळीपाळीने घरोघरचे. पगार इतका की तेवढ्यात शहरात कुटुंब आणता येत नाही. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वक्फ मंडळांकडून इमामांना मानधन मिळाले पाहिजे असे सांगितले. तरी आजही बहुतेक मोहल्ल्यांत इमामांचा पगार जमातीच्या महिन्याच्या चंद्यावरच चालतो. अशा माणसाकडून आपण अपेक्षा काय करतो? त्याने आपल्या मुलांना व्यसनापासून, मोबाईलपासून, नैराश्यापासून वाचवावे. त्याला मोहल्ला ठाऊक नाही, शाळेची भाषा ठाऊक नाही, पोरांची नावे पाठ होतात तोवर तो गावी परतलेला असतो. मग आपण म्हणतो, इमाम टिकत नाहीत.

काही जण म्हणतील, इंग्लंडची चर्चे तर ओस पडत चालली आहेत, त्यांच्याकडून काय शिकायचे? खरे आहे. कागद लिहून माणसे येत नाहीत. अशा निवेदनांत बढाया मारल्या जातात असेही तिथलेच लोक म्हणतात. प्रत्येक पॅरिशला तरुण, अनुभवी, विद्वान, मनमिळाऊ पाळक हवा असतो, आणि असा माणूस जगात सापडत नाही. तरीही एक फायदा उरतोच. येणारा माणूस डोळे उघडे ठेवून येतो, आणि बोलावणाऱ्यांना स्वतःचे घर एकदा झाडून पाहावे लागते.

दुसरा आक्षेप माझ्यासारखीने हे लिहिण्यावर असेल. आमच्या भागात बहुतेक मशिदींत बायका नमाजला जात नाहीत, मग इमामाबद्दल बायकांनी का बोलावे? कारण मकतबला मुले आम्ही पाठवतो. निकाह, तलाक, वारसा यांवर इमाम जे बोलतात त्याचे परिणाम आमच्या घरात येतात. इंग्लंडच्या चर्चमध्ये 1994 पासून स्त्रिया स्वतः पाळक होतात. मी तेवढे मागत नाही, तो त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे. मी एवढेच म्हणते की ज्या पानावर मोहल्ल्याची माहिती लिहायची त्यावर दोन ओळी आम्हालाही लिहू द्या.

त्या पानावर फार काही नको. किती घरे, किती मुले, ती कोणत्या माध्यमात शिकतात, घरी कोणती भाषा बोलतात. जुन्या नाशकात कोकणी बोलणारी घरे आहेत, दखनी बोलणारी आहेत, तेही लिहावे. माणसे कामावर कधी जातात, कधी येतात. विधवा किती, म्हातारी किती, आजूबाजूला कोण राहते, त्यांच्याशी संबंध कसे आहेत. पगार किती आणि तो कोणत्या तारखेला मिळेल. इमामांचे कुटुंब आणता येईल अशी खोली आहे का. आणि शेवटी, आमच्याकडून तुम्हाला काय मिळेल: वर्षभरात मराठी शिकण्याची सोय, मुलांच्या शाळेशी ओळख, आजारपणात साथ.

मराठी शिकवायला मी तयार आहे. मोहल्ल्यातले आणखी दोन शिक्षकही तयार होतील. नवे इमामसाहेब हुशार आहेत, सहा महिन्यांत ते जुम्याच्या बयानात दहा मिनिटे मराठी बोलू शकतील, याची मला खात्री वाटते. खुत्बा अरबीतच राहील, उर्दूही राहील.

मी माझ्या बाजूचे एक पान लिहिले आहे. आमच्या गल्लीतल्या मुलांची संख्या, शाळा, मकतबची अडचणीची वेळ आणि मुलाने विचारलेला प्रश्न, एवढेच त्यात आहे. उद्या ते ट्रस्टींकडे जाईल. तुमच्या मोहल्ल्यातही कोणी लिहिले तर बरे होईल.