कंत्राटदाराच्या हाती सरकारची किल्ली

सरकारी कोषागाराच्या भक्कम खोलीला दोन कुलपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या ताब्यात राहतात. एकट्याच्या प्रामाणिकपणावर सार्वजनिक धन सोपवायचे नाही, हा त्यामागील साधा विवेक. रोकडीविषयी एवढी दक्षता बाळगणारी शासनसंस्था नागरिकांची माहिती गोळा करणारी मोबाइल ॲप्स कोण तयार करतो, कोणत्या साधनांनी करतो आणि त्यांची किल्ली कोणाच्या खिशात असते, याविषयी मात्र उदासीन असते. हा तंत्रज्ञांचा विषय आहे, असे समजून पुरोगामी चळवळीनेही तो आजवर बाजूला ठेवला. वास्तविक तो मालकीचा, उत्तरदायित्वाचा आणि म्हणूनच राजकारणाचा प्रश्न आहे.

ॲप ही कोणा एका कारागिराने घडवलेली वस्तू नसते. मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग बाहेरून आणून जोडावेत, तसे ॲपमध्ये इतरांनी लिहिलेले तयार तुकडे जोडले जातात. कोणता तुकडा सूचना पाठवतो, कोणता नकाशा दाखवतो, कोणता वापरणाऱ्याच्या हालचालींची नोंद ठेवतो. यांतील पुष्कळसे तुकडे फुकट मिळतात. परंतु बाजारात जे फुकट दिसते त्याची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजतच असतो.

अमेरिकेतील एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने उघड केले की, अमेरिकी लष्कराच्या एका ॲपमध्ये आणि रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांच्या सात ॲप्समध्ये ‘पुशवूश’ नावाच्या कंपनीचे तयार तुकडे वापरलेले होते. ही कंपनी स्वतःला अमेरिकी म्हणवून घेत होती. प्रत्यक्षात तिचे मुख्य ठाणे रशियातील नोवोसिबिर्स्क येथे होते. लष्कराने आपले ॲप त्याच वर्षीच्या मार्चमध्ये काढून घेतले होते. आरोग्य खात्याला मात्र बातमीदारांनी विचारल्यावर जाग आली. माहितीचा गैरवापर झाल्याचा पुरावा मिळाला नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु प्रश्न पुराव्याचा नसून अज्ञानाचा आहे. आपल्या घराच्या भिंतीत कोणाची वीट आहे, हे घरमालकालाच ठाऊक नव्हते.

कधी कधी दोष विटेत नसून ती पाडणाऱ्या साच्यात असतो. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये चीनमध्ये हेच घडले. आयफोनची ॲप्स बनवण्याचे ‘एक्सकोड’ हे सॉफ्टवेअर ॲपलच्या ठिकाणाहून उतरवून घेण्यास फार वेळ लागे, म्हणून अनेक तंत्रज्ञांनी ते इतरत्र ठेवलेल्या प्रतींवरून घेतले. त्या प्रतींत कोणीतरी घातक भाग मिसळून ठेवला होता. परिणामी प्रामाणिक हातांनी बनवलेली ॲप्सही, ‘वीचॅट’सारखे लोकप्रिय ॲप धरून, बाधित निघाली. केन थॉम्प्सन या संगणकशास्त्रज्ञाने १९८४ मध्येच आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा इशारा दिला होता: आज्ञावली निर्दोष असली तरी ती यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन दूषित असेल, तर केवळ आज्ञावली वाचून दोष सापडणार नाही.

नियम नव्हते म्हणून हे घडले काय? तसेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने मोबाइल ॲप्सच्या सुरक्षा-तपासणीची मार्गदर्शिका २०१५ मध्येच प्रसिद्ध केली होती व २०१९ मध्ये ती सुधारली होती. तरीही २०२२ चे प्रकरण बाहेर आणले ते एका वृत्तसंस्थेने. कागदावरील नियमाला जाब विचारणारा नसेल, तर तो नियम शोभेचा ठरतो.

आपल्याकडील चित्र वेगळे नाही. ‘आरोग्य सेतू’ हे ॲप एप्रिल २०२० मध्ये आले आणि १ मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशाने सरकारी व खाजगी कर्मचाऱ्यांवर त्याची सक्ती झाली. पुढे ती सैल करण्यात आली. हे ॲप कोणी तयार केले, असे एका अर्जदाराने माहितीच्या अधिकारात विचारले, तेव्हा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ही माहिती आपल्याकडे नसल्याचे कळवले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने त्याबद्दल कारणे दाखवा नोटीस बजावली. त्यानंतर, उद्योग व शिक्षण क्षेत्रांतील तज्ज्ञांच्या सहकार्याने ॲप बनले, असा खुलासा सरकारने केला. कोट्यवधींना वापरावयास लावलेल्या वस्तूचा कर्ता सांगण्यासाठी नोटीस लागावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. त्याच ॲपची अँड्रॉइड आवृत्तीची मूळ संहिता मात्र २६ मे २०२० रोजी खुली झाली, ती टीकेचा रेटा वाढल्यानंतर. म्हणजे रेटा लावला तर दार उघडते.

या उदासीनतेचे मूळ अर्थव्यवहारात आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. कंत्राटदार खर्च वाचवण्यासाठी फुकटचे तुकडे आणि अर्ध्या वेतनावरचे मनुष्यबळ वापरतो. सुरक्षेवरील खर्च त्याच्या हिशेबात तोटा म्हणून दिसतो. माहिती फुटली तर नुकसान मात्र तिसऱ्याच माणसाचे होते, ज्याची त्या करारावर सही नसते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिव्यय म्हणतात. नदीत सांडपाणी सोडणारा कारखानदार आणि बेफिकिरीने ॲप बनवणारा कंत्राटदार यांचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे.

हा तिसरा माणूस कोण? गरोदर मातांची आणि बालकांची माहिती ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरणारी अंगणवाडी सेविका आणि जिची माहिती भरली जाते ती माता. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. फोन बंद पडत होते आणि ॲप इंग्रजीत होते, ही त्यांची तक्रार होती. वरवर ती गैरसोयीची तक्रार वाटते. परंतु जुनाट, अद्ययावत न होणारा फोन हा असुरक्षितही असतो; आणि न समजणाऱ्या भाषेतल्या ॲपला दिलेली संमती ही संमतीच नव्हे. त्या सेविका सुरक्षेचाच प्रश्न मांडत होत्या, केवळ तो शब्द त्यांनी वापरला नाही.

संहिता खुली केली तर चोराला वाट सापडेल, असा आक्षेप घेतला जातो. ऑगस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था सुरक्षित राहिली पाहिजे, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. आपल्याकडे नेमके उलटे होते. पद्धत जनतेपासून लपवली जाते आणि किल्ली कंत्राटदाराकडे राहते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. ॲप बनवण्याची साधने अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावीत व ती पडताळून पाहावीत. ॲपवर सही करण्याची किल्ली शासनाच्याच ताब्यात, दोन अधिकाऱ्यांच्या संमतीखेरीज वापरता येणार नाही अशी असावी. प्रत्येक ॲपमधील बाहेरच्या घटकांची यादी प्रसिद्ध व्हावी. अशा याद्यांसाठी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढलेल्याच आहेत. सरकारी ॲप्सची संहिता खुली करण्याचे २०१५ चे केंद्राचे धोरण अमलात यावे. ज्या कर्मचाऱ्यावर ॲपची सक्ती आहे त्याला साधन शासनाने द्यावे, आणि ॲप चालले नाही म्हणून कोणाचे मानधन कापू नये.

कार्यकर्त्यांनी यासाठी संगणकतज्ज्ञ होण्याचे कारण नाही. धरणाचा हिशेब मागताना कोणी अभियंता झाले नव्हते. आपल्या तालुक्यात सक्तीने वापरले जाणारे एक ॲप निवडावे आणि माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी बनवले, त्यात कोणाचे तुकडे आहेत, किल्ली कोणाकडे आहे? उत्तर आले तर जनतेचे ज्ञान वाढेल. न आले, तर तेच उत्तर गावसभेत वाचून दाखवावे.