दयेचा गोळा, गळाचा गोळा



नांदेडला गोदावरीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकणे आपण पुण्याचे मानतो. पण मासे धरणारेही गळाला कणकेचाच गोळा लावतात. माशाला दोन्ही सारखेच दिसतात.

इंग्लंडमधले शौकीन तर त्याच्याही पुढे गेले. तिथे तळ्यांवर लोक बदकांना पाव टाकतात आणि तो खायला कार्प मासे वर येतात. हे पाहून शौकीन मंडळी गळाच्या आकड्यावर हरणाचे पांढरे केस दोऱ्याने गच्च बांधतात आणि कातरून पावाच्या तुकड्याचा आकार देतात. हरणाचा केस आतून पोकळ, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. पाव नाहीच, नुसता देखावा! पुष्कळ जण पकडलेला मासा परत सोडतात म्हणे. पण तोंडात आकडा रुतायचा तो रुतलाच ना?

चार कषायांतली माया म्हणजे कपट. त्याचे याहून चोख उदाहरण मला सापडत नाही. आणि निव्वळ खेळासाठी जीव दुखवणे हा तर अनर्थदंड, विनाकारण ओढवून घेतलेले पाप.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेब मांडते. आपण खाऊ घातले ते जमेला. पण त्यामुळे मासा माणसाने टाकलेले खायला निर्धास्त वर येऊ लागतो, ते नावे. म्हणून जिथे गळ पडतात तिथे गोळ्या टाकूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच कणकेच्या पोळ्या करून एखाद्या भुकेल्याला वाढाव्यात. दयेला विवेकाची जोड हवीच.