परवानगी दवाखान्याची अडली, बिल मात्र घरच्यांच्या गळ्यात

ऑपरेशन होतं, सुट्टीची वेळ येते आणि तेव्हा सांगतात, "पूर्वपरवानगी नाही, योजनेत बसणार नाही." मग सोनं गहाण, नाहीतर उसनवारी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत. पण ठरलेल्या आजारांवर आणि यादीतल्या दवाखान्यातच. परवानगीचा ऑनलाइन अर्ज पाठवणं हे दवाखान्याचं काम, पेशंटचं नाही. तरी चुकीचा भुर्दंड घरच्यांनाच बसतो, कारण एकदा रोख भरली की ती परत मिळवणं फार अवघड.

म्हणून ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राला गाठा. रेशन कार्ड, आधार द्या आणि उपचाराआधी परवानगी आली का ते विचारा. तातडीच्या केसमध्ये फोनवरून परवानगीची सोय आहे. अडवलं तर १५५३८८ वर फोन करा.

खासगी पॉलिसीचं गणित वेगळं. तिथं कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा संपला असं नाही. बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड लावून भरपाईचा अर्ज करता येतो. तोही फेटाळला तर कारण लेखी घ्या, कंपनीकडे तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.

हेलपाटे पडतात, हे खरंच. पण तोंडी 'नाही' ऐकून गप्प बसलं, तर पुढं भांडायला हातात कागदच उरत नाही.