दर सात वर्षांनी

पिअर्स ब्रॉस्ननचा ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’ (१९९९) हा बाँडपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिला असेल. पण दिग्दर्शक कोण, हे क्वचितच कुणी सांगेल. मायकल ॲप्टेड. ‘कोल मायनर्स डॉटर’, ‘गोरिलाज इन द मिस्ट’ आणि नार्नियाचा तिसरा चित्रपटही त्याचाच. या वेळी मात्र सुचवायचं आहे ते त्याचं टीव्हीवरचं काम. हॉलिवूडमध्ये नाव झाल्यावरही त्यासाठी तो दर सात वर्षांनी इंग्लंडला परत येत राहिला.

१९६४ साली ग्रॅनाडा टेलिव्हिजनने ‘सेव्हन अप!’ हा माहितीपट केला. त्यात सात वर्षांची चौदा मुलं होती. काही महागड्या शाळांतली, काही लंडनच्या ईस्ट एंडमधली, दोघं तर बालगृहातली. जन्म कुठल्या घरात झाला यावरच ब्रिटनमध्ये माणसाचं पुढचं सगळं ठरतं, हे दाखवायचं होतं. दिग्दर्शक होते पॉल आमंड. नुकताच केंब्रिजमधून बाहेर पडलेला ॲप्टेड मुलं शोधून आणणारा मदतनीस होता. पुढचे भाग त्याने केले, १९७० पासून थेट २०१९ च्या ‘६३ अप’पर्यंत.

आपल्याकडे काही घरांत उष्टावणाच्या दिवशी बाळापुढे पुस्तक, लेखणी, पैसे मांडतात आणि ते कशाला हात लावतं ते बघतात. ॲप्टेड मात्र पुढे काय झालं तेही बघत राहिला.

श्रीमंत घरच्या मुलांबद्दलचे अंदाज बरेचसे खरे ठरले. पण यॉर्कशरच्या शेतावरचा मुलगा अमेरिकेत प्राध्यापक झाला. लिव्हरपूलचा हसरा मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी स्कॉटलंडमध्ये बेघर भटकताना दिसतो आणि पुढे चक्क नगरसेवक म्हणून निवडून येतो. ईस्ट एंडच्या एका पोराला घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी व्हायचं होतं. हा बहुधा तुरुंगात जाणार, असं धरून ॲप्टेडने एकविसाव्या वर्षी त्याला गुन्हेगारीसाठी बदनाम असलेल्या भागांत फिरवून चित्रण करून ठेवलं. तो टॅक्सी चालवू लागला, संसाराला लागला. ॲप्टेडने पुढे ही चूक उघड कबूल केली.

दुसरी चूक मोठी होती. चौदांत मुली फक्त चार! बायका पुढे नोकरी-व्यवसायात काय करतील, हा प्रश्न १९६४ मध्ये कुणाला पडलाच नव्हता. ‘६३ अप’मध्ये त्यांतली एक जण ॲप्टेडला कॅमेऱ्यासमोरच धारेवर धरते: मला कायम लग्न आणि मुलांबद्दलच का विचारता? हे सहज कापून टाकता आलं असतं. त्याने ते ठेवलं. मला दिग्दर्शक म्हणून तो सगळ्यात जास्त तिथे आवडतो.

जानेवारी २०२१ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी तो गेला. सगळे भाग बघायला वेळ नसेल तर ‘२८ अप’पासून सुरुवात करा, लहानपणीचे तुकडे त्यात येतातच. आणि शक्यतो आईबाबांना सोबत घेऊन बसा.