पोर्ट ना स्पॅनियाची अंगठी



समुद्रकाठचा मनुष्य खडकांस व खाचांस जी नावे देतो ती उगाच देत नाही. उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर, ‘जायंट्स कॉजवे’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या पाषाणस्तंभांजवळच, उंच कड्यांच्या पायथ्याशी एक लहानशी खाच आहे. तेथील लोक तिला पिढ्यान्‌पिढ्या ‘पोर्ट ना स्पॅनिया’, म्हणजे स्पॅनिश लोकांचे बंदर, म्हणत आले. वस्तुतः तेथे बंदरासारखे काहीच नाही.

१५८८ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने इंग्लंडवर धाडलेले आरमार लिस्बनहून निघाले. (गोव्याची गलबतेही त्या काळी तेथूनच सुटत, आणि गोव्याचा धनीही तेव्हा हाच फिलिप होता.) मोहीम फसली. परतीच्या वाटेवर आयर्लंडच्या किनाऱ्याने अनेक जहाजे गिळली. डॉन अलोन्सो दे लेइवा या सरदाराची तर एकामागून एक दोन जहाजे गेली. पाय जायबंदी झालेल्या त्या सरदारास उचलून नेत त्याची माणसे किलीबेग्ज येथे पोहोचली. तेथे ‘हिरोना’ नावाचे शिडांचे व वल्ह्यांचे जंगी जहाज दुरुस्त होत होते. त्यात सुमारे १३०० माणसे दाटीवाटीने चढली. २६ ऑक्टोबरच्या रात्री सुकाणू मोडले आणि लकाडा टोकाच्या खडकावर जहाज फुटले. अवघे नऊजण वाचले, असे सांगतात.

त्या काळच्या कागदांत डनलूस किल्ल्याजवळच्या खडकाचा उल्लेख होता. त्यामुळे शोधकांचे लक्ष तिकडेच लागून राहिले. रोबेर स्तेनुई या बेल्जियन पाणबुड्याने मात्र नकाशावरील गावठी नावावर विश्वास ठेवला, आणि १९६७ च्या जूनमध्ये काही मैल पूर्वेस, त्या खाचेच्या तोंडाशीच बुडी मारली. विद्वानांनी कोळ्यांचे शब्द अधिक आदराने ऐकावेत असे मला या हकिगतीवरून पुन्हा वाटले!

पाणी तेथे अवघे तीस फूट खोल. आपणांस वाटेल, एवढे उथळ म्हणजे सोपे काम. तथापि उथळपणाच तेथे घातक आहे. अटलांटिकची लाट तळापर्यंत हेलावते आणि मनुष्यास खडकांवर आपटते. समुद्रशेवाळाच्या उंच रानात दोन हातांपलीकडचे दिसत नाही. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते. रबरी पोशाख चढवूनही बोटे बधिर होतात. पाठीवरच्या नळकांड्यांतील हवा तेथे जवळजवळ दुप्पट दाबाने छातीत शिरते. घाबरून श्वास कोंडून कोणी झटकन वर आला, तर तीच हवा फुगून फुप्फुसे फाडते. अशा पाण्यात स्तेनुई व त्याचे सोबती तीन उन्हाळे राबले.

जहाज मात्र त्यांस दिसले नाही. लाकूड समुद्राने केव्हाच नाहीसे केले होते. उरले होते ते खडकांच्या भेगांत व शिळांखाली. हवेच्या पिशव्या बांधून त्यांनी तोफा उचलल्या. गंजाने दगड झालेले काळे गठ्ठे हातोडीने फोडले, तेव्हा आत नाणी सापडली. माणके जडवलेला सोन्याचा एक पंखधारी सरडा मिळाला. पुस्तकाच्या आकाराची एक सोन्याची डबी मिळाली. पास्काच्या मेणबत्तीच्या मेणापासून केलेल्या ‘अग्नुस देई’च्या वड्या ठेवण्याची ती. ती कोणीतरी गळ्यात वा छातीशी बाळगली असेल.

तसेच एक क्रूस मिळाला. तो जहाजाचा कप्तान फाब्रिचिओ स्पिनोला याचा असल्याचे स्तेनुईने जुनी कागदपत्रे चाळून ठरविले. ‘मादाम दे शाँपान्ये, १५२४’ अशी अक्षरे असलेली अंगठी त्या बाईच्या नातवाची निघाली. तोही याच जहाजावर बुडाला होता. सोने पाण्यातून काढणे एक, आणि मेलेल्यास त्याचे नाव परत देणे दुसरे. मला स्तेनुईची ही दुसरी मेहनत मोठी वाटते.

हा सर्व ठेवा लिलावात विखुरला नाही. बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियमने तो एकत्र राखला, आणि त्या जागेस पुढे कायद्याचे संरक्षण मिळाले. आता परवान्यावाचून तेथे बुडी मारता येत नाही.

त्या ठेव्यात आणखी एक अंगठी आहे, पट्ट्याच्या आकाराची. तिजवर हृदय धरलेला एक हात कोरला असून स्पॅनिश भाषेत लिहिले आहे : ‘तुला देण्यास याहून अधिक मजपाशी काही नाही.’ देणारीचे नाव तिजवर नाही. घेणाऱ्याचेही नाही.