हसू कुणाच्या जिवावर?



नवरा-बायकोवरच्या विनोदांना आपण आता सहजी फसत नाही. बायको म्हणजे खर्चीक, भांडकुदळ, अक्कल कमी. नवरा म्हणजे बिचारा. हा साचा आपण केव्हाच ओळखला आहे. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं, गंमत केली' या वाक्याला काय उत्तर द्यायचं, हे आपल्या गटांतल्या नुकतीच सही करायला शिकलेल्या बायांनाही ठाऊक आहे. मारहाणीची तक्रार घेऊन गेलं की समोरचा माणूस ज्या सहजपणे 'बायकांचं असंच असतं' म्हणतो, तो सहजपणा अशा हजार विनोदांतून मुरलेला असतो, हे आपण अनुभवानं शिकलो.

या वेळी प्रश्न थोडा पुढचा विचारायचा आहे. विनोदात 'बायको'च्या जागी 'आदिवासी' आला, की हे शहाणपण आपल्यापाशी शिल्लक राहतं का?

मी पेठला काम करते. २०११ च्या जनगणनेनुसार या तालुक्यात शंभरातली नव्वदहून अधिक माणसं अनुसूचित जमातींची आहेत: कोकणा, महादेव कोळी, वारली. तरी पेठ-नाशिक एस.टी.त, सरकारी कचेऱ्यांत, शाळांच्या शिक्षक-खोलीत आणि मोबाईलवरच्या गटांत त्यांच्यावरचे विनोद बिनदिक्कत चालतात. 'जंगली', 'कातोडी', 'भिल्ल' हे शब्द तर पोरांना रागावताना घरोघर वापरले जातात. ते विनोद इथे पुन्हा छापण्यात अर्थ नाही. त्यांचे साचे मात्र पाहायला हवेत. ते तीनच आहेत: आदिवासी भोळा असतो, आदिवासी दारुडा असतो आणि तिसरा, खालच्या आवाजात सांगितला जाणारा, 'त्यांच्या बायकांचं काय, त्यांच्यात सगळं चालतं.'

पहिला साचा घेऊ. भात-नागलीची कापणी उरकली की पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. हजेरीत दोन दिवस कमी लागले आणि एखाद्या बाईनं विचारलं, तर मुकादम तिला आकडे मोजायला सांगतो आणि हसतो. आजूबाजूचेही हसतात. तिच्या मोजण्यात चूक नसते. पण हशा झाला की तिचा प्रश्न तिथेच संपतो. दोन दिवसांची मजुरी कुणी कापली, याचं उत्तर मग कुणालाच द्यावं लागत नाही. 'भोळ्या आदिवासी'च्या विनोदात फसवणारा कधी दिसत नाही, फसलेला तेवढा दिसतो.

दुसरा साचा दारूचा. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं घरची मोहाची दारू गाळणं हा गुन्हा झाला आणि दारूची दुकानं मक्तेदारांच्या हाती गेली. दारू आणि कर्ज एकाच दारातून येऊ लागलं. हा इतिहास विनोदात येत नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची लाट नाशिकच्या डोंगरातून डांग आणि सुरतेकडे गेली, हेही येत नाही. अंगात आलेली देवी सांगत होती: दारू सोडा, स्वच्छ राहा. हजारो आदिवासींनी दारू सोडली. दारूबंदीसाठी झटणाऱ्या आपल्या गटांनी तरी ही आठवण ठेवायला हवी. आज पाड्यावर नवऱ्याची दारू सोडवायला धडपडणारी बाई याच विनोदाची दुहेरी शिकार होते. ती तक्रार घेऊन गेली, तर 'तुमच्यात असतंच' असं ऐकून परत येते.

तिसरा साचा आपल्या चळवळीच्या मुळाशी जाऊन भिडतो. १९७२ साली, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर बलात्काराचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये त्यांना सोडलं. मथुरा खोटं बोलते, तिला शरीरसंबंधांची सवय होती, असं म्हटलं. उच्च न्यायालयानं १९७६ मध्ये शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

न्यायालयात कुणी मथुरेवर विनोद केला नव्हता. पण 'अशी मुलगी' कशी असते, याचं एक चित्र आधीच तयार होतं आणि तिचा शब्द त्या चित्राच्या तराजूत तोलला गेला. ते चित्र कायद्याच्या पुस्तकातून आलं नव्हतं. ते चौकातल्या, ओसरीवरच्या, कचेरीतल्या बोलण्यातून आलं होतं. विनोद अपायकारक असतो का, या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे: विनोद एखाद्या समाजाच्या माणसाच्या शब्दाचं वजन तो बोलण्याआधीच कमी करून ठेवतो. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, हा त्यातला लहान भाग. मोठा भाग नंतर घडतो, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, ठाण्यात.

शिकलं की हे सुटतं, असं काहींना वाटतं. जळगावची पायल तडवी तडवी भिल्ल समाजातली होती. डॉक्टर होऊन ती मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिनं आत्महत्या केली. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातिवाचक टोमणे आणि छळाचा आरोप ठेवून गुन्हा दाखल झाला, आरोपपत्रही आलं. दोष ठरवण्याचं काम न्यायालयाचं आहे. आपल्यासाठी प्रश्न असा, की एखाद्या मुलीला टोमणे मारले जातात तेव्हा आजूबाजूच्या माणसांना ते 'चाललंय आपसात' असं का वाटतं?

शाळांच्या स्नेहसंमेलनातलं 'आदिवासी नृत्य' तुम्ही पाहिलं असेल. तोंडाला काजळी, कमरेला पाला, डोक्यात पिसं आणि 'झिंगालाला'. आमच्याकडच्या आया लुगडं नेसतात, फडकी घेतात. पाला गुंडाळून कुणी नाचत नाही. हा नाच सिनेमातून आला. काजळी फासण्याची रीत तर त्याहून दूरची. अमेरिकेत १८३० च्या सुमारास थॉमस राईस नावाचा गोरा नट तोंडाला जळका बूच फासून 'जिम क्रो' नावाच्या काळ्या माणसाची नक्कल करी. लोक पोट धरून हसत. पुढे काळ्या लोकांना वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळा नळ ठरवणाऱ्या कायद्यांना तेच नाव पडलं, आणि ते कायदे १९६० च्या दशकापर्यंत टिकले. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांना हे नातं तेव्हाच दिसलं होतं.

यावर कुणी म्हणेल, मग हसायचंच नाही का? आदिवासी हसत नाहीत का? भरपूर हसतात. बोहाड्यातली सोंगं, लग्नात व्याह्यांची उडवलेली टर, पाड्यावर रंगणारी वनरक्षकाची नक्कल मी पाहिली आहे. पण त्या नकलेनं वनरक्षकाचा पगार थांबत नाही, त्याच्या मुलीच्या तक्रारीवर कुणी शंका घेत नाही. ज्याच्यावर हसलं त्याचं काय अडतं, हे पाहिलं की फरक कळतो.

दुसरी शंका बंदीची. सरदारजींवरच्या विनोदांना आळा घाला, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात झाला होता. नागरिकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालू शकत नाही, असं न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. मला ते पटतं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ आहे. एखाद्या व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला, जातीवरून शिवी दिली, तर तो लागू होतो आणि तिथे तो वापरलाच पाहिजे. पण एस.टी.तल्या हशाला कायदा पुरा पडणार नाही. ते काम आपलं आहे.

सुरुवात आपल्या बैठकांपासून करू या. शिबिरात कुणी असा विनोद केला तर शांतपणे विचारायचं, 'मला कळलं नाही, यात हसायचं काय ते समजावून सांग.' समजावताना विनोद बहुधा गळून पडतो. शाळेत स्नेहसंमेलनाआधी जाऊन मुख्याध्यापकांशी बोलायचं. पावरी, तारपा वाजवणारी माणसं गावात आहेत. त्यांना बोलवा म्हणायचं. आणि कार्यकर्त्यांच्या निवडीत, व्यासपीठावर, अहवाल लिहिण्यात आदिवासी मैत्रिणी किती आहेत, हे मोजायचं. ज्या खोलीत त्या बरोबरीनं बसलेल्या असतात, तिथे हे विनोद सांगायला जीभ सहसा रेटत नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या भागात कुणावर, कोणत्या शब्दांनी हसलं जातं आणि त्या हशानंतर कुणाचं कोणतं काम अडलं, हे आम्हाला लिहून पाठवा. नावं बदला. विनोद लिहिला नाहीत तरी चालेल. अडलेलं काम मात्र नीट लिहा. पुढच्या अंकात त्यावर सविस्तर बोलू.